विकलेले यंत्र आणि राखून ठेवलेली विद्या

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गडकोट, स्वाऱ्या आणि तहनामे उभे राहतात. आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो उण्यापुऱ्या सत्तर वर्षांचा आहे, आणि ज्या वस्तूचा तो इतिहास आहे ती वस्तू डोळ्यांना दिसत नाही. तरी तिच्यावाचून कधी ना कधी अडला नाही असा माणूस या सभामंडपात क्वचितच सापडेल. नवा प्रिंटर घरी आणावा, तारा जोडाव्यात, यंत्राचा हिरवा दिवा लागावा, आणि संगणकाच्या पडद्यावर अक्षरे उमटावीत, 'ड्रायव्हर सापडत नाही'. मग खोक्यातली सीडी शोधावी, तर ती जुन्या विंडोजची निघते. कंपनीला विचारावे, तर उत्तर येते की हे मॉडेल आता बंद झाले. रोख पैसे मोजून घेतलेले यंत्र टेबलावर मुक्यासारखे बसून राहते. लोक हे दैवाचा फेरा म्हणून सोसतात. परंतु हा फेरा माणसांनी घातलेला आहे, आणि तो कोणी, केव्हा, कशासाठी घातला हे सांगता येते.

आमचा व्यवसाय कामगार संघटनेचा. संगणकशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे शिकलो ते रात्री पुस्तकांतून आणि आमच्याहून तीस वर्षांनी लहान असलेल्या मुलांना विचारून शिकलो. पण हत्यार कोणाचे आणि हत्याराची विद्या कोणापाशी, हा प्रश्न कामगाराच्या जन्माला पुजलेला आहे. म्हणून हा विषय आम्ही हौसेने मागून घेतला.

प्रथम ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. ड्रायव्हर म्हटले की एस.टी.चा ड्रायव्हर आठवतो. येथला ड्रायव्हर हा एक प्रोग्राम, म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचनांची माळ असते. संगणकाचा सारा कारभार विंडोज किंवा लिनक्स यांसारखी एखादी ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. ती म्हणते, 'हे पान छाप.' पण प्रिंटरला 'पान' समजत नाही. त्याच्या पोटातील चिपमध्ये रजिस्टर नावाचे लहान लहान कप्पे असतात. कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकला असता कागद पुढे सरकतो, कोणत्या आकड्याने रूळ तापतो, आणि कागद अडकल्यावर यंत्र कोणत्या कप्प्यातून बोंब मारते, हे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक यंत्रात निराळे असते आणि ते बनविणाऱ्यालाच ठाऊक असते. ऑपरेटिंग सिस्टीमचे सांगणे घेऊन ते या आकड्यांत उलगडून देणारा जो दुभाषी, तो ड्रायव्हर.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना येथे मुकादमाची आठवण होईल. साहेबाची भाषा कामगाराला येत नसे, कामगाराची साहेबाला येत नसे, आणि मध्ये मुकादम उभा असे. भरती त्याच्या हातून, बडतर्फी त्याच्या हातून, आणि दोन्हींवर दस्तुरी. १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात मुकादमाच्या या सत्तेवर कडक टीका आहे. दुभाष्याच्या जागी बसलेल्याला मालकाहूनही अधिक जोर कसा चढतो, हे त्या अहवालाच्या पानांत दिसते. ही तुलना फार ताणावी अशी आमची इच्छा नाही. मुकादमाशी निदान भांडता तरी येत असे.

आता मूळ कथेकडे वळतो. संगणकाच्या आरंभकाळी ही अडचण जवळजवळ नव्हतीच. १९५० नंतरच्या दशकात आय.बी.एम. कंपनीची अवजड यंत्रे बहुधा भाड्याने दिली जात. यंत्राबरोबर प्रोग्राम येत, आणि ते माणसाला वाचता येईल अशा मूळ रूपात, ज्याला 'सोर्स कोड' म्हणतात, त्या रूपातही मिळत. १९५५ साली अमेरिकेत ही यंत्रे वापरणाऱ्या संस्थांनी 'शेअर' नावाची एक संघटना काढली. एका विमानकारखान्याने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या, स्पर्धक कारखान्यालाही तेथे मिळे. यात कोणी संतपणा करीत नव्हते. एकच काम दहा ठिकाणी दहादा करण्याचा खर्च कोणालाच परवडत नव्हता, एवढेच. गरजेतून आलेले सहकार्य आदर्शातून आलेल्या सहकार्यापेक्षा बरेचदा अधिक टिकते, हे आमच्या पतपेढ्यांनीही आम्हांला शिकविले आहे.

पुढे १९६९ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने आय.बी.एम.वर मक्तेदारीचा खटला भरला, आणि त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केले की यापुढे प्रोग्राम आणि यंत्र यांच्या किमती वेगळ्या. या दिवसापासून सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू झाली. ही घटना सर्वस्वी वाईट असे आम्ही म्हणणार नाही. पुण्यामुंबईचे लक्षावधी तरुण आज ज्या धंद्यात पोट भरतात त्याचे एक मूळ या निर्णयात आहे. पण विकण्याची वस्तू झाली की तिच्यावर झाकण येते. सोर्स कोड हळूहळू दिसेनासा झाला, आणि ज्याने यंत्र आणले त्याला आत पाहण्याची वाट बंद होत गेली.

ही वाट बंद झाल्याची पहिली ठेच एका प्रिंटरनेच लागली, हा मोठा बोलका योग आहे. बॉस्टनशेजारी केंब्रिज शहरात एम.आय.टी. ही प्रसिद्ध संस्था आहे. तिच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण प्रोग्रामर काम करीत असे. प्रयोगशाळेतला जुना प्रिंटर वरचेवर अडके. पण त्याचा प्रोग्राम या मंडळींच्या हातात होता, म्हणून स्टॉलमनने त्यात एक सोय केली. यंत्र अडले की ज्यांची ज्यांची पाने रांगेत असतील त्यांच्या पडद्यावर तशी वर्दी जाई, आणि कोणीतरी उठून कागद मोकळा करी. १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने प्रयोगशाळेला नवा लेझर प्रिंटर भेट दिला. सेकंदाला एक पान छापणारे ते यंत्र त्या काळी अपूर्वाईचे होते. परंतु अडकण्याची खोड त्यालाही होती, आणि त्याचा प्रोग्राम मात्र केवळ यंत्राला वाचता येईल अशा रूपात आला होता. वर्दीची सोय त्यात करता येईना. लोक तासभराने पाने आणायला जात आणि पाहत तो यंत्र केव्हाचे अडून पडलेले.

कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका गृहस्थांपाशी तो सोर्स कोड आहे असे स्टॉलमनच्या कानी आले. तो त्यांच्याकडे गेला आणि सहज मागून पाहिला. त्यांनी नकार दिला, कारण कोणालाही न देण्याचे वचन त्यांनी कंपनीला लिहून दिले होते. स्टॉलमनने पुढे अनेक भाषणांतून हा प्रसंग सांगितला आहे. त्या गृहस्थांवर तो फार रागावला, पण त्याच्या मनात राहिला तो करार. एका माणसाने एका कंपनीशी सही केली आणि त्या सहीने, त्याने कधी न पाहिलेल्या, पुढे येणाऱ्या सगळ्यांना मदत नाकारली गेली. कारखान्यात एखाद्या कारागिराकडून 'शेजारच्याला हात शिकविणार नाही' असे लिहून घेतले तर आपण त्याला काय म्हणू?

२७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमनने 'ग्नू' या नावाने मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम उभारण्याची घोषणा केली आणि पुढच्या जानेवारीत नोकरी सोडली. १९८९ साली त्याने 'जी.पी.एल.' नावाचा परवाना तयार केला. त्याचा मथितार्थ असा की हा प्रोग्राम कोणीही वापरावा, बदलावा, विकावाही, परंतु दुसऱ्याला देताना सोर्स कोड दिला पाहिजे आणि त्यालाही हेच हक्क राहिले पाहिजेत. कायद्याची ही खुबी आम्हांला फार आवडते. मालकी हक्काच्या कायद्याचेच हत्यार घेऊन त्याने वाटून घेण्याची सक्ती केली.

इकडे घरगुती संगणकांचे युग सुरू झाले होते. डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रामला आपापले ड्रायव्हर बाळगावे लागत. वर्डपरफेक्ट हा लेखनाचा प्रोग्राम ज्या गुणांमुळे गाजला त्यांतला एक गुण म्हणजे त्याच्या फ्लॉपींमध्ये शेकडो प्रिंटरांचे ड्रायव्हर असत. हिशेबाच्या प्रोग्रामचे निराळे, चित्रांच्या प्रोग्रामचे निराळे. विंडोजने येऊन ही एक सुधारणा खरोखरच केली. एका यंत्राला एक ड्रायव्हर, आणि तो सर्व प्रोग्रामांनी वापरावा. पण त्यामुळे यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे भवितव्य विंडोजशी, आणि आपल्या यंत्राचे भवितव्य त्या कंपनीच्या मर्जीशी बांधले गेले.

त्यातच १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक मोठा बदल झाला, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. संगणकाची मुख्य चिप फार वेगवान झाली. तेव्हा कंपन्यांनी हिशेब केला की मोडेममध्ये, प्रिंटरमध्ये वेगळी बुद्धी कशाला घाला? ते काम संगणकाकडूनच करवून घ्यावे. मोडेममधली आवाज उकलणारी चिप गेली आणि ते काम ड्रायव्हरमध्ये आले. अशा मोडेमला लोक 'विनमोडेम' म्हणू लागले. स्वस्त लेझर प्रिंटरमधून पानाची मांडणी करणारी चिप गेली, आणि तीही ड्रायव्हरमध्ये आली. वस्तूची किंमत उतरली, मध्यमवर्गीयाच्या घरात ती पोहोचली, हे खरे. परंतु पूर्वी ड्रायव्हर नसला तर यंत्र थोडे अडाणी चाले. आता ड्रायव्हर नसला की ते यंत्रच राहत नाही, नुसता साचा राहतो. आपण साचा विकत घेतला होता. त्याचे डोके कंपनीने आपल्यापाशी ठेवले होते आणि वाटेल तेवढी वर्षे वापरायला दिले होते. किती वर्षे, ते मात्र पावतीवर लिहिलेले नसते.

आमच्या संघटनेच्या कार्यालयात असाच एक लेझर प्रिंटर होता. सभासदांच्या वर्गणीतून घेतलेला. मागणीपत्रके, सभेच्या नोटिसा, लेबर कोर्टातले दावे, सारे त्याच्यावर निघे. संगणक जुना झाला म्हणून बदलला, त्याबरोबर नवी विंडोज आली, आणि प्रिंटर मुका झाला. कंपनीचे नाव घेण्यात अर्थ नाही. तिच्या माणसाने नम्रपणे सांगितले की या मॉडेलला नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढण्याचा बेत नाही, नवे मॉडेल घ्यावे. यंत्राचा रूळ चांगला, ड्रम चांगला, शाई भरलेली. वर्गणी देणाऱ्या माणसाला हे कसे समजावून सांगावे? दोन महिने आमच्या नोटिसा समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून निघाल्या. मग एका सभासदाच्या मुलाने जुन्या संगणकावर लिनक्स घातले, आणि तोच प्रिंटर छापू लागला. त्या यंत्राला चालविणारा ड्रायव्हर कंपनीने लिहिलेला नव्हता. जगाच्या पाठीवर कुठल्याशा माणसाने, स्वतःचा प्रिंटर अडला म्हणून, खपून लिहिलेला होता.

हे लिनक्स म्हणजे काय, ते आता सांगितले पाहिजे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केले की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत आहोत. त्याच निवेदनात त्याने कबुली दिली होती की आपल्यापाशी असलेल्या जातीच्या हार्डडिस्कखेरीज दुसऱ्या कोणत्या डिस्कवर ती बहुधा कधी चालणारही नाही. कारण साधे होते. ड्रायव्हर लिहायचा तर यंत्र समोर हवे, आणि त्याच्यापाशी तेवढेच यंत्र होते. पुढे ज्याच्यापाशी जे यंत्र होते त्याने त्याचा ड्रायव्हर लिहिला, आणि जी.पी.एल.च्या अटीवर सर्वांच्या हवाली केला. गावकीच्या विहिरीसारखे हे काम वाढत गेले.

पण ज्या कंपन्या कप्प्यांचे कोष्टक देत नसत त्यांच्या यंत्रांचे काय? येथे या मंडळींनी जी चिकाटी दाखविली तिचे वर्णन थोडे विस्ताराने करतो. ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपा अनेक लॅपटॉपांत असत आणि कंपनी माहिती देत नसे. पहिला उपाय लोकांनी शोधला तो जुगाडाचा. 'एनडिसरॅपर' नावाचा प्रोग्राम लिहून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या पोटात फसवून चालवायचा. दुसरा उपाय कष्टाचा. विंडोजचा ड्रायव्हर चालत असताना तो कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकतो हे टिपत बसायचे. आकडा बदलला की काय होते, कोणता आकडा आधी, कोणता मागून, हजारो नोंदी. शिवाय चोरीचा आरोप येऊ नये म्हणून माणसांच्या दोन तुकड्या केल्या. एका तुकडीने केवळ निरीक्षण करून चिपचे वर्णन लिहायचे. दुसऱ्या तुकडीने कंपनीच्या कामाकडे ढुंकूनही न पाहता, केवळ ते वर्णन वाचून ड्रायव्हर लिहायचा. या रीतीने तयार झालेला ड्रायव्हर २००६ च्या जून महिन्यात लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. जे कोष्टक कंपनीच्या एखाद्या कपाटात तयार होते ते पुन्हा शोधून काढण्यात केवढी मनुष्यशक्ती गेली असेल! आम्हांला ही चिकाटी जितकी स्तुत्य वाटते तितकीच ती करावी लागली ही गोष्ट चीड आणणारी वाटते.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात की चिपची रचना उघड केली तर स्पर्धक नक्कल करील. ड्रायव्हरमधला काही भाग आम्ही दुसऱ्याकडून परवान्याने घेतलेला असतो, तो आमच्या मालकीचा नाही. वायफायसारखी यंत्रे सरकारने ठरविलेल्या लहरींबाहेर बोलू लागली तर दंड आम्हांला होईल. यांतला दुसरा मुद्दा बहुधा खरा असतो आणि तिसराही अगदीच पोकळ नाही. पहिल्याविषयी मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. दरवाज्याला मूठ कोठे आहे हे सांगितल्याने सुताराची विद्या जात नाही. आणखी एक गोष्ट कंपन्या बोलत नाहीत, ती आम्ही बोलतो. जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी लिहायला पगारी माणूस लागतो, आणि त्यातून नवी विक्री होत नाही. उलट विक्री बुडते. तेव्हा तो पगारी माणूस नव्या मॉडेलवर नेला जातो. तोही कामगारच. जुने काम अर्धवट टाकल्याची खंत त्यालाही असते, असे त्या धंद्यातली मुले आम्हांला सांगतात.

२००७ चा जानेवारी महिना या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३० जानेवारीला मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा सर्वांसाठी बाजारात आणली. तिच्यात पडद्याच्या ड्रायव्हरची घडण नवी, आवाजाची व्यवस्था नवी, आणि ६४ बिटांच्या आवृत्तीत तर ड्रायव्हरवर अधिकृत डिजिटल सही नसेल तर आत प्रवेशच नाही. यामागे सुरक्षेचा हेतू होता. ड्रायव्हर हा संगणकाच्या अगदी गाभाऱ्यात जाऊन बसतो, आणि तेथे चोर शिरला तर देवाचेही काही चालत नाही. परंतु परिणाम असा झाला की लोकांची धडधाकट यंत्रे एका रात्रीत निकामी ठरली, आणि ज्यांना ड्रायव्हर मिळाले त्यांचेही संगणक कोसळू लागले. 'व्हिस्टा चालेल' असे लेबल लावून विकलेल्या संगणकांबद्दल सिअ‍ॅटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला, आणि त्यात २००८ च्या आरंभी कंपनीची आतली पत्रे उघड झाली. एका कागदात २००७ मध्ये नोंदल्या गेलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांची वाटणी होती. शेकडा सुमारे २९ एकट्या एनव्हिडिया कंपनीच्या ड्रायव्हरांमुळे, आणि सुमारे १८ खुद्द मायक्रोसॉफ्टमुळे. एका पत्रात कंपनीच्या एका वरिष्ठ उपाध्यक्षाने लिहिले होते की व्हिस्टा खरोखर बाहेर पडेल यावर यंत्रवाल्या कंपन्यांचा विश्वासच नव्हता, म्हणून त्यांनी काम उशिरा सुरू केले. त्याच्या स्वतःच्या घरच्या प्रिंटरलाही वेळेवर ड्रायव्हर मिळाला नव्हता! आमच्यासारख्यांचे सोडा. दाव्याचे सामुदायिक स्वरूप २००९ साली न्यायाधीशांनी काढून घेतले, आणि ग्राहकांचा जोर तेथेच सरला.

त्याच जानेवारीत लिनक्सच्या गोटातून एक उलटी घोषणा झाली. ग्रेग क्रोहा-हार्टमन या प्रमुख प्रोग्रामरने सर्व कंपन्यांना जाहीर आवाहन केले की तुम्ही केवळ यंत्राची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही फुकट लिहून देतो आणि पुढे सांभाळतोही. गुप्ततेची अट हवी असेल तर तीही पाळू. सप्टेंबरमध्ये ए.एम.डी. कंपनीने आपल्या रेडिऑन चित्रपत्त्यांची माहिती प्रसिद्ध करण्याचे ठरविले. वारा थोडा फिरत होता.

पण सर्वत्र नव्हे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीची साउंड ब्लास्टर ही आवाजाची कार्डे एके काळी घरोघर होती. व्हिस्टामध्ये त्यांतल्या कित्येक सोयी चालेनात. ब्राझीलमधल्या एका प्रोग्रामरने कंपनीचेच ड्रायव्हर दुरुस्त करून त्या सोयी चालू केल्या आणि लोकांना वाटल्या. मार्च २००८ मध्ये कंपनीने जाहीर पत्र काढून त्याला थांबायला सांगितले. पत्राचा आशय असा होता की कोणत्या कार्डाला कोणती सोय द्यायची हा आमचा व्यापारी निर्णय आहे आणि तो घेण्याचा हक्क आमचाच आहे. त्याने लोकांकडून देणग्या मागितल्या होत्या, तीही तक्रार होती. ती तक्रार अवाजवी नव्हती. पण गिऱ्हाइकांना त्या पत्रात निराळेच वाचायला मिळाले. यंत्र अशक्त नव्हते, त्याला अशक्त ठेवले होते. एवढा गहजब झाला की थोड्याच दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली. असंघटित गिऱ्हाइकांचा असा विजय विरळा.

या साऱ्याशी मराठीचा एक धागा जुळतो. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. तिचे जिस्ट कार्ड संगणकात बसविले म्हणजे डॉसच्या इंग्रजी प्रोग्रामातही देवनागरी दिसे. मुकी पडलेली आपली लिपी त्या कार्डाने बोलती केली, हे ऋण मोठे आहे. विंडोज आली तसा कार्डांचा काळ संपला, आणि २००० सालच्या विंडोजमध्ये मराठी ऑपरेटिंग सिस्टीमच्या अंगचीच झाली. परंतु अक्षरांना कोणते आकडे द्यायचे याचे 'इस्की' नावाचे कोष्टक १९९१ साली भारतीय मानक संस्थेने छापून प्रसिद्ध केले होते. त्यामुळे त्या पद्धतीने साठविलेला मजकूर, कार्ड गेले तरी, आजही युनिकोडमध्ये आणता येतो. त्याच काळात खाजगी फाँटवाल्यांनी आपापले गुप्त आकडे ठरविले. त्यांतल्या फाइलींनी छापखान्यांची किती कपाटे अडली आहेत ते कोणत्याही जुन्या डी.टी.पी. ऑपरेटरला विचारावे. एकाच शहरात, एकाच दशकात, छापलेले कोष्टक आणि लपविलेले कोष्टक यांचा निकाल असा डोळ्यांपुढे आहे.

आपल्या देशाचा कायदा याबाबतीत वाटतो तितका दुबळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक तरतूद आली. प्रोग्राम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवून चालविण्यासाठी लागणारी माहिती जर सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळविण्यासाठी आवश्यक ती कृती केल्याने हक्कभंग होत नाही. वकिलांनाही हे कलम फारसे आठवत नाही. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने असे चार विभाग त्यात धरले. कंपन्यांनी वस्तूची पुस्तिका, आराखडे आणि सॉफ्टवेअरच्या सुधारणा ग्राहकाला उपलब्ध कराव्यात, असा विचार त्या समितीच्या बैठकीत पुढे आला होता. आराखडे म्हटले की त्यात कप्प्यांचे कोष्टक आले पाहिजे, असा अर्थ आम्ही लावतो. कंपन्या लावतील असे नाही. घासाघीस तेथेच व्हायची आहे.

राहता राहिली एनव्हिडिया. तिच्या चित्रपत्त्यांसाठी 'नूव्हो' नावाचा ड्रायव्हर लोकांनी वर्षानुवर्षे आकडे टिपून तयार केला, आणि तो २०१० साली लिनक्समध्ये आला. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या सभेत लिनस टॉरवाल्ड्सने, आपला ज्या ज्या कंपन्यांशी संबंध आला त्यांत ही सर्वांत वाईट, असे सांगून कॅमेऱ्याकडे बोटाने जी खूण केली ती या व्यासपीठावर करून दाखविण्याजोगी नाही. मे २०२२ मध्ये अखेर कंपनीने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला. लोकांनी आनंदाने तो उघडून पाहिला, आणि त्यांच्या लक्षात आले की पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेली पुष्कळशी बुद्धी आता पत्त्यावरच्या एका स्वतंत्र चिपमध्ये, बंद पेटीत गेली आहे. वीस वर्षांपूर्वी स्वस्ताईसाठी डोके यंत्रातून काढून ड्रायव्हरमध्ये ठेवले होते. ड्रायव्हर खुला करण्याची वेळ आली तेव्हा ते पुन्हा यंत्रात गेले.

पेन ड्राइव्हचे मात्र भांडण मिटले आहे. विंडोज ९८ च्या काळात पेन ड्राइव्हबरोबर ड्रायव्हरची सीडी येत असे, हे आजच्या मुलांना खरे वाटणार नाही. पुढे सर्व पेन ड्राइव्ह यू.एस.बी.च्या एकाच प्रसिद्ध केलेल्या भाषेत बोलू लागले, आणि विंडोजमध्ये त्या भाषेचा एकच दुभाषी कायमचा बसला. प्रिंटरही आता त्या वाटेवर आहेत. नव्या प्रिंटरांपैकी पुष्कळांना आय.पी.पी. नावाची समान भाषा येते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोजमधून पुरविण्याचे काम टप्प्याटप्प्याने थांबविले जाईल. ज्यांना समान भाषा येते त्यांचे भलेच होईल. ज्या जुन्या प्रिंटरांना ती येत नाही, त्यांची संख्या शाळांत, ग्रामपंचायतींत, वकिलांच्या आणि डी.टी.पी.च्या दुकानांत अजून मोठी आहे. त्यांचा ड्रायव्हर ज्यांच्यापाशी असेल त्यांनी त्याची प्रत आजच जपून ठेवावी, आणि यंत्र विकताना ती यंत्राबरोबर द्यावी.